चव्वेचाळिसावं नाव

अड्याळच्या बाजारात प्रफुल्लचं झेरॉक्सचं दुकान होतं. दोन वेबिनार पाहिल्यावर त्याने वर पाटी लावली: ‘परदेशी नोकरी मार्गदर्शन’. झेरॉक्स बंद केलं नाही, कारण परदेशापेक्षा तहसीलला जाणारे जास्त.

तृप्ती त्याच्याच गावची, कोंढ्याची. सिव्हिलचा डिप्लोमा. तीन वर्षं ठेकेदाराच्या नाल्या मोजून तिचा जीव विटला होता. हॉलंडच्या एका कंपनीला पाण्याच्या बांधांवर माणसं हवी होती. ही नोकरी तिला मनापासून हवी होती आणि अर्जाचा आज शेवटचा दिवस होता.

प्रफुल्लने तिचा बायोडाटा लाल पेनाने सोलला. बापाचं नाव गेलं, धर्म गेला, जन्मतारीख गेली. खालचं ‘वरील माहिती खरी आहे’ हेही गेलं.

“हे काहून काढलं?”

“तिकडं खरं धरूनच चालतात.”

मग पेन तलावाच्या ओळीवर येऊन थांबलं. दोन वर्षांआधी गावतलावाच्या पारीत, म्हणजे मातीच्या बांधात, खेकड्यांच्या बिळांतून पाणी सुटलं होतं. गावाने दिवसभर माती टाकून पार वाचवली. तृप्तीने लिहिलं होतं, ‘मच्छीमार देवाजी यांच्या सांगण्यावरून आम्ही पार वाचवली.’

“आम्ही नाई चालत,” प्रफुल्ल म्हणाला. “मी लिही. मी नेतृत्व केलं, मी धरण वाचवलं.”

“मी टोपले उचलले, भाऊ. बीळ कुठं हाय ते देवाजीबाबानं पाण्यात उतरून पायानं चाचपलं. माहा डिप्लोमा तवा कपाटात होता.”

“देवाजी काय हॉलंडले अर्ज करून राहिला?”

“नाई. म्हणून त्याचं काम मी नावावर करून घेऊ?”

“अवो, सारे असंच लिहितात.”

“साऱ्यांनीच एकट्यानं धरण वाचवलं, तं माती कोणं वाहिली?”

तृप्तीने कीबोर्ड ओढला. ‘आम्ही’ तसंच ठेवलं आणि खाली नावं आणि प्रत्येकापुढे त्याचं काम लिहायला घेतलं. देवाजी, सत्यवती, शकुंतलाबाई, टिकाराम... स्वतःचं अठरावं, कारण त्या दिवशी ती अठरावीच पोचली होती. त्रेचाळीस झाली. साक्षीदार म्हणून पुन्हा देवाजी. फोन सकाळी सातच्या आत करावा, नंतर तो जाळं टाकायला जातो.

“दुसरं पान लागलं,” प्रफुल्ल म्हणाला. “नोकरी गेली समज.”

“गेली तं गेली. येत्या पावसाळ्यात पार फुटाले आली, तं मले याच लोकांत उभं राहाचं हाय. हॉलंडवाले टोपलं घेऊन नाई येत.”

प्रफुल्लने यादी वरून खाली वाचली. मग खालून वर.

“माहं नाव नाई दिसत.”

“तू कुठं होता?”

“पारीवरच होतो ना.”

“होता. छत्री धरून व्हिडिओ काढत होता.”

“पण होतो.”

तृप्तीने विचार केला. खरं ते खरं. तिने चव्वेचाळिसावं नाव टाइप केलं, पुढे कामाच्या रकान्यात ‘छत्री’ लिहिलं आणि अर्ज पाठवून दिला.