न वाचता केलेली सही

मित्रांनो, मी एक जुने हमीपत्र आहे. परदेशातून येणाऱ्या पाहुण्याचा राहण्याचा, औषधपाण्याचा आणि परतीचा सगळा खर्च सही करणारा उचलील, असे माझ्या अंगावर ठळक अक्षरांत छापले आहे. पण वाचतो कोण?

परदेशात स्थायिक झालेल्या एका बसचालकाला मायदेशातल्या आपल्या मामांना तीन महिने बोलवायचे होते. त्याने माझी चारही पाने भराभर उलटली आणि शेवटी सही ठोकली.

"अहो, वाचा तरी!" बायको म्हणाली.

"त्यात काय वाचायचंय? मामाच तर येतायत!"

व्हिसा मिळाला तेव्हा माझे केवढे कौतुक झाले! "कागद म्हणावा तर असा!" मामा फोनवर म्हणाले. मग मी कपाटाच्या खणात गेले, ते तिथेच पडून राहिले.

विम्याचा विषय निघाला तेव्हा मामाच म्हणाले, "उगाच पैसे घालू नकोस रे. मला साधं पडसंही होत नाही." भाच्याला तेवढेच हवे होते. मी खणातून ओरडणार तरी कसे?

मामा आले आणि तिसऱ्याच आठवड्यात न्हाणीघरात घसरले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयात विचारणा झाली, "यांची हमी कोणाची?" तेव्हा कुठे माझी शोधाशोध झाली. भाच्याने मला उभ्याउभ्याच पहिल्यांदा वाचले.

"हे सगळं मी लिहून दिलंय?"

"नाही, शेजाऱ्यांनी," बायको म्हणाली.

घरासाठी साठवलेली पुंजी शस्त्रक्रियेत गेली. उरलेल्या बिलाचे हप्ते बांधून घेतले. भाचा सुट्टीच्या दिवशीही बस चालवू लागला. एकदा मामा म्हणाले, "मला परत पाठव बाबा. तुझ्या जिवाला किती घोर!"

"कसं पाठवू? डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. आणि ते तिकीटही मलाच काढायचंय!" तो खेकसला. मामांनी भिंतीकडे तोंड केले.

पुढे काठी टेकत मामा परत गेले. आता ते दर महिन्याला निवृत्तिवेतनातले निम्मे पैसे पाठवतात. भाच्याला ते घेताना लाज वाटते, पण नको म्हणण्याची ऐपत नाही. पूर्वी दोघे फोनवर तासभर खिदळायचे. आता एवढेच बोलणे होते:

"मिळाले का रे?"

"मिळाले, मामा."

मित्रांनो, आपल्या माणसांना जरूर बोलवा. पण सही करण्याआधी मला मोठ्याने वाचा, येणाऱ्यालाही ऐकवा आणि त्याचा विमा काढा. मी कपटी नाही हो. मी पहिल्या ओळीपासून खरे तेच सांगत होते.