खारट घोट

रणजितच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. वाचनालयातून निवृत्त झाल्यापासून हातानं लिहिलेलं असं एकच पत्र मला आलं, आणि तेच तसं पडून राहिलं.

रणजित लोणी भापकरचा. इंदापुरात कॉलेजला होता तेव्हा संध्याकाळी वाचनालय बंद होईपर्यंत बसायचा. आता समुद्रापासून लांब, पठारावरच्या एका कारखान्यात सिंगल माल्ट करतो. म्हणजे एकाच ठिकाणी गाळलेली, लाकडी पिंपात मुरवलेली, नुसत्या सातूची व्हिस्की. पत्राबरोबर एका मित्राच्या हाती त्यानं खोकल्याच्या औषधाएवढी बाटली पाठवली होती.

'तात्या, माझ्या हातचं हे पहिलं पिंप. याची वेगळी बाटली काढायची की मोठ्या टाकीत मिसळून टाकायचं, ते दिवाळीआधी ठरेल. इथं सगळे एकमेकांकडे बघून मत देतात. चव कशी आहे, आणि स्वतःचे साडेचार हजार देऊन तुम्ही ती घ्याल का, तेवढं लिहा. फोनवर तुम्ही नुसतं छान छान म्हणता.'

मी आयुष्यात सर्दीसाठी चमचाभर ब्रँडी घेतलेला माणूस. सुनेच्या घरात बाटली उघडायचा धीर होईना, म्हणून बारामतीजवळच्या पिंपळीला जयवंताकडे गेलो. शाळेपासूनचा दोस्त, ऊसवाला, पिण्याच्या बाबतीत अनुभवी.

पुस्तकात वाचल्याप्रमाणे मी पेला नाकाशी धरला.

"कुंडलिकराव, दारू हाय ती, उदबत्ती न्हवं," जयवंता म्हणाला.

थोडं पाणी घातलं की वास मोकळा होतो, हेही वाचलं होतं. जयवंतानं नळाखाली तांब्या धरला आणि दोन्ही पेल्यांत पाणी ओतलं. पहिला घोट उबदार लागला, मग जिभेवर मीठ.

"जरा खारट हाय," जयवंता म्हणाला. "पर फुकटच्या मालाला नाव ठेवू न्हाय."

घरी येऊन मी पुस्तकं काढली. बेटांवर मुरलेल्या काही माल्टना समुद्राची खारट चव असते आणि जाणकार तिचं कौतुक करतात, असं सापडलं. लगेच कागद घेतला. 'खाऱ्या वाऱ्याची झुळूक' वगैरे लिहून झालं, आणि मग विचार आला, पठारावर समुद्र कुठून आला? पिंप बिघडलं असेल किंवा माझी जीभ. खारट लिहावं तर पोराचं पिंप टाकीत जाणार, आणि कौतुक करावं तर ते खोटं. मी कागद फाडला. मग रोज उद्यावर टाकत गेलो.

दिवाळी जवळ आली तसं मन खाऊ लागलं. पुन्हा पिंपळीला गेलो. उरलेली बाटली जयवंताच्या फडताळात तशीच होती. त्याच्या बायकोनं, सिंधुबाईनं, चहा पुढं ठेवला तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं.

"पाणी कुठलं घातलं हुतं?" तिनं विचारलं.

"नळाचं," जयवंता म्हणाला. "जारवाला आला नव्हता त्या दिशी."

"नळाला बोअर हाय! त्या पाण्यात डाळ शिजत न्हाय, च्या नासतो. आन तुमी त्यात लोकाच्या पोराची म्हेनत कालवली?" ती माझ्याकडे वळली. "भावजी, ह्यांचं सोडा. तुमी तरी इचारायचं!"

"ह्याला वाटलं समुद्र हाय," जयवंता म्हणाला, आणि इतका हसला की त्याला ठसका लागला.

तिनं जारचं पाणी आणलं. मी चमच्यानं घातलं, पुस्तक आठवायचं नाही असं ठरवून. भाजलेल्या सातूच्या पिठाचा वास आला. मग काकवी, कढईच्या कडेला जराशी लागलेली. मीठ कुठंच नव्हतं. घोट उतरल्यावर लाकूड मात्र जास्त वेळ जिभेवर राहिलं, थोडं कडवट.

जयवंतानं पेल्यातला शेवटचा थेंबही निथळून घेतला. "ही मिसळायची न्हाय," तो म्हणाला. "साडेचार हजार मी न्हाय देणार. तू दे, मी प्यायला येतो."

येताना बारामतीच्या पोस्टात बाकावर बसून उत्तर लिहिलं. 'मला यातलं काही कळत नाही' हे वाक्य आधी लिहिलं आणि खोडलं. मग सातू लिहिलं, काकवी लिहिली, लाकडाचा कडवटपणाही लिहिला. पुढचं पिंप थोडं आधी उघड, असं सुचवलं. शेवटी लिहिलं, 'मिसळू नकोस. मी घेईन. वर्षभर पुरवीन, पण घेईन.'

उशिराबद्दल काही लिहावं की नाही, या विचारात थोडा वेळ गेला. तेवढ्यात खिडकीवरच्या बाईंनी, "आजोबा, टपाल निघालंय," म्हणून हाक मारली. मी पाकीट चिकटवून त्यांच्या हातात दिलं आणि स्पीड पोस्टची पावती खिशात घालून इंदापूरची एसटी धरली.