कानानं शिजवलेलं मटण

किलोभर कोकराचं मटण ओट्यावर तयार होतं, कॅन्टीनचे मॅनेजर एक वाजता जेवायला यायचे होते, आणि माझ्या नाकाला लवंग कळत नव्हती की फिनेल!

तापात वास गेला त्याला आठ महिने झाले. जिभेला खारट, आंबट, तिखट कळतं, पण कांदा करपला की नाही ते नाकच सांगतं. कॅन्टीनमध्ये माझ्या हातून दीडशे माणसांचा रस्सा करपला, तेव्हा मॅनेजर म्हणाले, "बाई, बऱ्या झालात की घरी जेवायला बोलवा. तुमच्या हातचं मटण खाऊन काय ते ठरवतो." बावीस वर्षं काढलीत मी त्या शेगडीपुढे. घरात बसून जीव आंबला होता. आज एकदाचा सोक्षमोक्ष लागणार म्हणून पहाटेपासून पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"आज तू माझं नाक," मी सुनेला म्हटलं. "इथं उभी राहा आणि वास सांगत जा."

सून गुणाची, पण अती सोशीक. वर्षभरात एकदाही मला 'नाही' म्हणालेली नाही. कांदा टाकला. "कसा येतोय?" "छान, आई." जरा वेळानं परत विचारलं. "छानच येतोय, आई." पातेलं मात्र वेगळंच सांगत होतं. मघाशी चुरचुरणारा कांदा आता कोरडा तडतडायला लागला होता. मी झटकन पातेलं उतरवलं. तळाला काळा ठिक्कर!

"अगं, हे छान?"

"करपट येत होता, आई... पण तुमच्या तोंडावर कसं म्हणू?"

"मग काय मॅनेजरनं म्हणायचं? तुझ्या सभ्यपणापायी माझी नोकरी जाईल ना गं!"

असं झापलं की तिचे डोळे भरले. आणि झापता झापताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कांदा करपला ते मला कळलं कसं? ऐकू आलं! नाक गेलं तरी कान शाबूत होते की! नाचावंसं वाटलं मला.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत आमच्या ह्यांचं शिलाई मशीन घरघरायला लागलं.

"मशीन बंद!"

"अगं, गिऱ्हाइकाची पँट आहे, संध्याकाळी द्यायची..."

"पँटीवाचून मरत नाही कुणी! बंद म्हणजे बंद!"

घर चिडीचूप झालं. नवा कांदा चिरला, टाकला आणि कान लावून उभी राहिले. ओला कांदा जोरात चुरचुरतो, पाणी आटत आलं की आवाज बारीक होतो. तिथंच आलं-लसूण घातलं, मग धने आणि मिरची. घड्याळात बारा वाजून गेलेले.

"मटण टाकते आता. उशीर झालाय."

सुनेनं पातेल्यावर वाकून वास घेतला. "नाही, आई. लसूण अजून कच्चा येतोय."

अस्सं! पहिला 'नाही'! मी तिच्या पाठीत प्रेमानं एक धपाटाच घातला आणि आणखी परतलं. ती 'आता' म्हणाली तेव्हाच मटण टाकलं.

मॅनेजर एकच्या ठोक्याला हजर झाले. त्यांना अर्धा तास ताटकळावं लागलं, ह्यांच्या पँटपुराणासकट. पण पहिला घास गेला आणि माणूस ताटावर वाकला. हाडूक चोखून झाल्यावरच त्यांनी मान वर केली.

"बाई, नाक परत आलं म्हणायचं! सोमवारपासून या."

सून माझ्याकडे बघत होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण खोटं बोलली म्हणून मीच हिला रडवलं होतं. आता कुठल्या तोंडानं गप्प बसू?

"नाक नाही आलं," मी म्हटलं. "हे कानानं शिजवलंय. वासाला ही होती."

मॅनेजरांचा हात ताटातच थांबला. हे तिकडून डोळे वटारत होते.

"कॅन्टीनचा तो पंखा केवढा खडखडतो," मॅनेजर म्हणाले. "त्यात ऐकू येईल तुम्हाला?"

"नाही."

"मग सोमवारच्या आत दुरुस्त करून घेतो." त्यांनी ताट सुनेपुढे केलं. "वाढ गं पोरी, रस्सा वाढ."

मी पळी तिच्या हातात दिली आणि ह्यांना म्हटलं, "लावा आता तुमचं मशीन!"