मरायची ओळ

तिने पान उलटलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पान हिरवंगार होतं. शेजारच्या झाडाचंही. या ओळीतले ट्यूलिप एव्हाना करपा रोगाने काळे पडायला हवे होते.

वाफ्यातली माती मुद्दाम रोगट केलेली. दोन्ही बाजूंना तिने स्वतः तयार केलेला, करप्याला दाद न देणारा वाण. आणि मधोमध आई दरवर्षी दारात लावायची तो जुना गुलाबी, महानाजूक. गुलाबी मेला की मातीत रोग आहे हे सिद्ध. तरीही शेजारी टिकले तर तिचा वाण खरा. काचघरात सगळे या मधल्या ओळीला मरायची ओळ म्हणायचे. आणि ही बया मरायचं सोडून कळ्या धरून बसलेली!

पानामागे वाळलेले निळसर ठिपके होते. मोरचूद. कोणीतरी औषध मारलं होतं आणि शिंतोडे तिच्या वाणावरही उडाले होते.

वाणाची चाचणी तपासायला आलेले परीक्षक दाराशी बूट धुऊन आत आले. मागून बाबा.

"वा, एक डाग नाही," परीक्षक वाकून म्हणाले. "अर्धं आयुष्य घातलंत म्हणे यात."

"घातलं."

"आणि कमकुवत ओळ कुठली?"

कळ्या अजून मिटलेल्या; रंगावरून काही कळणार नव्हतं. पलीकडच्या वाफ्यात जुन्या चाचणीतली काळी झाडं तशीच उभी होती. नुसतं तिकडे बोट केलं की काम फत्ते. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने बाबांकडे पाहिलं. ते स्वतःच्या पायांकडे बघत होते, आणि औषध कोणी मारलं ते तिला कळलं.

"हीच," ती म्हणाली. "हिच्यावर फवारणी झालीय. चाचणी बाद धरा."

परीक्षकांनी वहीत एक ओळ खोडली.

"हात दाखवून अवलक्षण," ते हळूच म्हणाले. "बरं. पुढच्या हंगामात बघू."

ते गेल्यावर तिने हातमोजे काढून वाफ्याच्या कडेला आपटले.

"बाबा, सांगितलं होतं ना मी, हिला काही करायचं नाही?"

"सांगितलं होतंस." बाबा पालथ्या क्रेटवर बसले. "तुझ्या आईच्या वेळी डॉक्टरांनीही असंच सांगितलं होतं. आता काही करू नका म्हणाले. तेव्हा ऐकलं मी."

तिला भयंकर राग आला होता, आणि तो कोणावर काढावा तेच कळेना. ती उगाच नळ बंद आहे का ते बघून आली.

"पुढच्या वर्षी परत लावावी लागेल."

"हाच गुलाबी?"

"हाच. इतक्या लवकर दुसरा कुठलाच मरत नाही."

बाबांनी वाकून एका कळीला बोट लावलं.

"मग लावतो मीच," ते म्हणाले. "लावून झालं की मला घरी पाठव. आणि परत आलो, तर दार उघडू नकोस."