गुरुवारची चादर

बेरिलने दोरीवरची ओली चादर ओढून काढली, आत नेली आणि इकडेतिकडे बघून सरळ ओव्हनमध्ये कोंबली. मशीनमध्ये दुसरी चादर गरगरत होतीच. आज गुरुवार. या गल्लीत धुणं सोमवारी वाळत पडायचं. एरवी कुणाच्या दोरीवर चादर दिसली की त्या घरात काहीतरी बिनसलंय हे समोरच्या घरांच्या ओळीला लगेच कळायचं. आणि दहा वाजता कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, बाई घरखर्चाची चौकशी करायला यायची होती.

बेरिलच्या नवऱ्याची, क्लिफर्डची, सकाळची आंघोळ-स्वच्छता आटपून कौन्सिलची मदतनीस रुखसाना हातमोजे काढत दारात आली.

“आंटी, चादर भाजून खायचा बेत आहे की काय?”

“परक्या माणसाला कशाला दिसायला हवी?”

“अहो, तिलाच दिसायला हवी! जास्तीचं धुणं, हीटर, पॅड, आजारपणापायी होणारा सगळा खर्च तिला सांगायचा. तेव्हा कुठे कौन्सिल तुमच्याकडून घेते तो आकार कमी होईल. ‘आमचं मजेत चाललंय’ म्हणालात की संपलं.”

“ते बघू नंतर. आधी ये, त्याला टाय बांधायचाय.”

रुखसानाने कपाळावर हात मारला, पण आली.

क्लिफर्ड एंटविसल सपाता बनवणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं फोरमन होता. दूधवाल्यालासुद्धा त्याने कधी टायशिवाय दार उघडलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. कान आणि डोकं मात्र शाबूत. पलंग पुढच्या खोलीत आला. रुखसाना त्याचे कपडे बदलायला लागली की तो डोळे घट्ट मिटून घ्यायचा आणि सगळं आवरल्यावरच उघडायचा. त्याबद्दल घरात कुणी कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

रुखसानाच्या फेऱ्यांसाठी कौन्सिल दर आठवड्याला जो आकार घेई, तो वसंतात वाढला होता. तो कमी झाला नाही तर संध्याकाळची फेरी बंद करावी लागणार होती. मग रात्री क्लिफला कुशीवर वळवणं एकट्या बेरिलवर, आणि तिच्या कमरेने तर केव्हाच हात टेकले होते. त्यानंतर उरायचा तो टेकडीवरचा वृद्धाश्रम. या दोन वर्षांत ती औषधांच्या दुकानापलीकडे कुठे गेली नव्हती, पण तो तिथे आणि ती इथे, हे तिला सोसणार नव्हतं.

कौन्सिलच्या मिसेस हार्ग्रीव्हज बरोबर दहाला आल्या. गळ्यात दोरीला चष्मा, मांडीवर फॉर्म. त्यांनी गोडसर स्कोन-पाव घेतला, चहा घेतला, टायमधल्या क्लिफर्डला ‘गुड मॉर्निंग’ केलं.

“काय झकास दिसताय हो!”

बेरिल फुलली आणि लगेच तिची नजर फॉर्मवर गेली.

“आपण स्वयंपाकघरात बसायचं का?” तिने विचारलं.

“नको, फॉर्म त्यांचा आहे ना. त्यांच्यासमोरच भरते मी.” त्यांनी चष्मा चढवला. “रात्री कसं काय असतं?”

“शांत झोपतो.”

“हीटर?”

“इतरांसारखाच.”

बाईंनी दोन्ही ठिकाणी रेघ मारली. ती रेघ बेरिलला उलट्या बाजूनेसुद्धा स्पष्ट दिसली. तिला स्वतःची लाज वाटली, आणि सगळं ऐकत पडलेल्या क्लिफचा संतापही आला. त्याला निदान ऐकू तरी कमी यायला हवं होतं.

“आणि चादरी आठवड्यातून किती वेळा धुता?”

“सोमवारी. चारचौघं धुतात तशा.”

आतल्या मशीनने नेमकं तेव्हाच पाणी सोडलं. मिसेस हार्ग्रीव्हजनी दाराकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं. त्यांनी पेन फॉर्मवर टेकवलं.

पांघरुणावर काहीतरी हललं. क्लिफर्डचा डावा हात वर आला होता, पाचही बोटं ताठ. हात खाली गेला. पुन्हा वर आला. या वेळी दोन बोटं. कारखान्यात मशीनच्या गोंगाटात तो माल असाच मोजून सांगायचा.

“सात?” मिसेस हार्ग्रीव्हजनी हळूच विचारलं.

त्याने होकारार्थी मान हलवली. मग बेरिलकडे पाहिलं, रागाने नव्हे, पण आता पुढचं तू सांग अशा फोरमनच्या नजरेने.

आणि त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. त्या खोलीतून बाहेर जायला त्याच्याकडे तेवढी एकच वाट होती.

“सात,” बेरिल म्हणाली. “कधी कधी आठ. रात्री तीनदा उठावं लागतं. हीटर बंद करताच येत नाही.” ती उठली. “लिहा तुम्ही. मी आलेच.”

ती स्वयंपाकघरात गेली, ओव्हनचं दार उघडलं आणि ओली चादर दोन्ही हातांत घेऊन परत आली.