आतल्या खोलीतली हाक

मळवली स्टेशनावरून भाजे गावाच्या वाटेला लागलं की थोड्या अंतरावर मुंबईच्या एका पारशी शेटजींचा बंगला होता. शेटजी उन्हाळ्यात येऊन राहत, एरवी बंगल्याला कुलूप. मागच्या अंगाला दोन खोल्यांचं घर होतं. तिथं बंगल्याचा राखणदार शिमोन हिवाळे आणि त्याची बायको रिबका राहत. दोघंही नगरकडची, मिशनच्या शाळेत शिकलेली. आसपास ख्रिस्ती घर तेवढं एकच होतं. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नसत, पण बंगल्याची विहीर असल्यानं अडत नव्हतं. रविवारी ती दोघं गाडीनं लोणावळ्याला उपासनेला जात. आधी तिघं जात असत.

त्यांची मुलगी सुवार्ता मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत गेली. घरोघरी माणसं तापानं पडलेली, आणि शिमोनला मात्र साधं पडसंही झालं नाही. त्यामुळं सरण रचायला, खड्डा खणायला लोक त्यालाच बोलवायला येऊ लागले. एरवी त्याला ओट्याखाली उभं करणारी माणसं ती. तो जाई. त्या दुपारीही तो असाच इंद्रायणीकाठी गेला होता. घरात रिबका बाहेरच्या खोलीत तापानं पडली होती आणि सुवार्ता आतल्या खोलीत.

"आई, पाणी."

रिबकाला स्वच्छ ऐकू आलं. उठायचं म्हणून तिनं जमिनीला हात टेकला, तो कोपरातून दुमडला. ती सरपटत उंबऱ्याच्या दिशेनं थोडी गेली. पुन्हा हाक आली, आधीपेक्षा बारीक. मग आलीच नाही. शिमोन घरी आला तेव्हा रिबका वाटेतच बेशुद्ध पडली होती. पोर आत थंडगार झाली होती. लोणावळ्याच्या दफनभूमीत सुवार्ताला माती दिली, तेव्हाही रिबकाला शुद्ध नव्हती. तिनं मुलीचं काहीच पाहिलं नाही. ती बरी झाली तेव्हा खाट रिकामी होती आणि आतल्या खोलीची खिडकी कुणीतरी लावून घेतली होती.

नाताळ उलटल्यावर एका दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती, आणि आतून हाक आली. "आई, पाणी."

ती घाबरली नाही. आधी तिला तेच नवल वाटलं. हातातलं सूप बाजूला ठेवून तिनं माठातून पितळी पेला भरला, आत गेली आणि पेला खाटेशेजारच्या कोनाड्यात ठेवला. खोलीत कुणी नव्हतं. संध्याकाळी दिवा लावायला गेली तेव्हा पेला रिकामा होता.

त्यानंतर हे रोजचंच झालं. दुपारी घर शांत झालं की हाक येई, ती पेला भरून ठेवी आणि दिवेलागणीला तो रिकामा सापडे. ती तो पेला हातात घेऊन आत बघे, कडेला ओठांचा डाग दिसतो का म्हणून. कधी तिला बरं वाटे, कधी अंगावर सरसरून काटा येई. नवऱ्याला तिनं यातलं काही सांगितलं नाही. शिमोनही अलीकडं मोजकंच बोले. जेवण आपोआप शिजे, आपोआप संपे. रात्रीची प्रार्थना तो एकटाच पुटपुटे. ती डोळे मिटून बसे, पण तिच्या मनात शब्द उमटत नसत.

शेजारच्या मळ्यातली विठाबाई ताक घेऊन येई. एकदा तिनं रिबकाला भरलेला पेला आत नेताना पाहिलं.

"आत कोन हाय गं?"

"कुणी नाही, मावशी."

विठाबाईनं ताकाचं मडकं उंबऱ्याबाहेरच खाली ठेवलं. मग म्हणाली, "पोर अडकलीय तुजी. टाकव्याला एक देवऋषी हाय, लय गुनाचा. तुमच्यात चालत न्हाई ठावं हाय मला. पर आईचा जीव हाय म्हनून सांगते."

रिबकानं ताक ओतून घेतलं. पण 'अडकलीय' हा शब्द तिच्या डोक्यातून जाईना. तहानलेलं लेकरू, मध्येच कुठंतरी अडकलेलं. त्या रविवारी उपासनेनंतर तिनं चर्चचे धर्मगुरू, पाळक आढाव यांना गाठलं आणि सगळं सांगितलं. आढाव म्हातारे होते. साथीत त्यांनी स्वतःच्या भावाला आणि भावजयीला माती दिली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सुवार्ता प्रभूजवळ आहे, बाई. तिला तहान नाही. ही हाक तुम्हाला त्याच दुपारी बांधून ठेवते आहे. पुन्हा आली तर उठू नका. एवढं कबूल करा."

"मग पाणी कोण पितं?"

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि तिनं कबूल केलं.

कबूल करणं सोपं होतं. चैत्राचं ऊन तापलं होतं, बंगल्याची बाग सुकत चालली होती. दुपारी हाक येई आणि रिबका भिंतीला पाठ लावून, पदराचा बोळा तोंडात धरून बसून राही. हाक आली की तिचे पाय आपोआप उठायला बघत. ती ते हातांनी दाबून धरी. आपण पुन्हा तेच करतोय, असं तिला वाटे. तेव्हा उठता आलं नाही, आता येतंय तरी उठत नाही. शिमोनचंही तिला नवल वाटू लागलं. तो बागेतून अवेळी घरात येई, आतल्या खोलीत डोकावे आणि तसाच माघारी जाई.

त्या दुपारी तो जेवून बाहेरच्या खोलीतच आडवा झाला होता. झळा इतक्या होत्या की कावळासुद्धा ओरडत नव्हता. आतून हाक आली. रिबकानं पदर तोंडात धरला आणि डोळे मिटले. डोळे उघडले तर शिमोन उठून बसला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"रिबका," तो अगदी हळू म्हणाला, "आत्ता तू ऐकलंस?"

तिनं पदर सोडला. "तुम्हाला ऐकू आलं?"

पुन्हा आलं. "पाणी." एवढंच. दोघांनीही ऐकलं.

शिमोन उठून आत गेला, ती मागोमाग. खोलीत अंधार होता, खाट तशीच रिकामी. रिबका भिंतीपाशी उभी राहून ऐकत होती. "बाहेरून आली का हो?" ती म्हणाली, पण तिचाच त्यावर विश्वास नव्हता. शिमोननं खिडकीची खिटी काढली. इतक्या महिन्यांत ती उघडली नव्हती, लाकूड फुगलं होतं. त्यानं खांदा लावून ढकलली, तसा उन्हाचा लोट आत आला.

कुंपणापलीकडं जांभळीखाली एक बाई पडली होती. शेजारी लाकडांची मोळी सुटून पसरलेली. पोटाशी बांधलेलं तान्हं पोर तिच्या अंगाखाली अर्धवट दबलं होतं.

शिमोन खिडकीतूनच बाहेर उतरला. रिबका माठाकडं धावली. पेला न घेता तिनं माठाशेजारची घागरच उचलली. ती पोचली तोवर शिमोननं पोराला सोडवून सावलीत घेतलं होतं. पोर लाल झालं होतं, रडतही नव्हतं. रिबकानं पदर भिजवून त्याच्या डोक्यावर धरला, बोटानं थेंब थेंब पाणी ओठांत सोडलं. पोरानं बोट चोखलं. ते ओढणं तिला हातभर जाणवलं. शिमोननं बाईच्या तोंडावर पाणी मारलं. ती वरच्या ठाकरवाडीतली होती, एवढं तिच्या नेसण्यावरून कळत होतं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

शिमोननं घागर पुढं केली, पण हात तसाच थांबवून म्हणाला, "आम्ही ख्रिस्ती आहोत. चालेल का?"

बाईनं घागरीलाच तोंड लावलं. पिऊन झाल्यावर धाप टाकत म्हणाली, "आता इचारून काय उपेग, भाऊ."

रिबकाला हसू आलं. किती दिवसांनी, ते तिला आठवेना.

बाईचं नाव बाया. मोळी घेऊन कामशेतच्या बाजारला निघाली होती, वाटेत डोळ्यांपुढं अंधारी आली. त्यांनी तिला घरात आणलं, आतल्या खोलीतल्या खाटेवर निजवलं. खाट मोडायचं रिबकाच्या मनात कितीदा आलं होतं. तिनं भाताची पेज केली, मीठ घालून वाडग्यातून पाजली. पोर आईच्या अंगावर लागलं, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

"बरं झालं तू हाक मारलीस," शिमोन म्हणाला. "आम्हाला कळलं नसतं."

बायानं मान हलवली. "म्या न्हाई मारली. जीभ टाळ्याला चिकटलेली. मारायला लय बगितलं, पर सबूद निघंना."

शिमोन रिबकाकडं बघत राहिला. रिबका पोराच्या पाठीवरून हात फिरवत होती, तो हात थांबला आणि पुन्हा फिरू लागला.

उन्हं उतरल्यावर शिमोन मोळी स्वतःच्या डोक्यावर घेऊन बायाला वाडीच्या वाटेपर्यंत सोडून आला. परत आला तेव्हा रिबका उघड्या खिडकीपाशी बसली होती. तो दाराशीच उभा राहिला.

"पेल्यातलं पाणी मी पीत होतो," तो म्हणाला.

ती त्याच्याकडं वळली.

"पहिल्या दिवशी सहज आत आलो, भरलेला पेला दिसला. तापात तू तिच्या पाण्याचं बडबडायचीस, त्यावरून तू कशाला ठेवलास ते कळलं. संध्याकाळी तो तसाच भरलेला तुला दिसला असता. मला ते बघवलं नसतं. मी दुसऱ्यांची माणसं पोचवत बसलो तेव्हा घरात तिला पाणी द्यायला कुणी नव्हतं. रोज ते पाणी पिताना घशाखाली उतरत नसे. तरी प्यायचो."

"मला सांगायचं होतंत."

"तुझ्या तोंडावर कधीकधी जरा बरं वाटल्यासारखं दिसायचं. ते मोडवलं नाही."

रिबका उठून त्याच्यापाशी गेली. साथीनंतर पहिल्यांदाच ती दोघं एकमेकांना धरून रडली. त्या रात्री प्रार्थनेला ती मोठ्यानं दोन वाक्यं बोलली. एक त्या तान्ह्या पोरासाठी होतं, दुसरं शिमोनसाठी. सुवार्ताचं नाव घेणं तिला अजून जमलं नाही.

त्या दुपारी हाक कुणी मारली, ते दोघांनी पाळकांना विचारलं नाही. रिबकानं बायाचं आणि तिच्या पोराचं सांगितलं आणि म्हणाली, की मी शब्द मोडला, हाकेला उठले. आढावांनी सगळी हकीकत ऐकली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बरं केलंत."

त्यानंतर हाक कधी आली नाही. आता सुटका वाटेल, असं रिबकाला वाटलं होतं. तसं झालं नाही. ज्येष्ठात आभाळ भरून आलेल्या एका दुपारी ती तशीच कान देऊन बसली. आतली खोली गप्प होती. ही शांतता त्या हाकेपेक्षा भयंकर आहे, असं तिला वाटलं. आता मुलगी खरोखरच गेली होती. ती भिंतीला टेकून किती वेळ बसली तिलाच कळलं नाही. सुवार्ताच्या हातांना चिंचेचा वास यायचा, तेवढं एक तिला आठवत राहिलं.

शिमोन बागेतून आला. तिला तसं बसलेलं त्यानं पाहिलं. चुलीपुढं बसला, फुंकून फुंकून जाळ केला आणि चहा ठेवला. आयुष्यात त्यानं चहा कधी केला नव्हता. गूळ इतका पडला की काकवीसारखा झाला. कपबशी त्यानं तिच्या हातात दिली आणि शेजारी बसला.

"जमलाय का?" त्यानं विचारलं.

"जमलाय," रिबका म्हणाली, आणि बशीत ओतून तिनं तो सगळा प्यायला.