एकच तुरा

सोळा वर्षं इर्मानं त्या झाडावर डोळे लावले होते, आणि फुलोऱ्याची पोय फुटली ती नेमकी ती न्हाणीत असताना. ओले केस तसेच टाकून ती झाडापाशी स्टुलावर चढली. तुरा एकच होता. तिनं देठाच्या बुडाशी बोट फिरवून पाहिलं. दुसरा नव्हता.

लॉर्ड हाउ बेटावरच्या रोपवाटिकेत येणारे पाम दोन जातींचे. एक शाकारणीचा, म्हणजे छपराला पानं घालायचा, एक कुरळा; बाहेर मागणी शाकारणीच्यालाच. रोपं असताना दोन्ही सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. खात्री पटते ती फुलोरा आल्यावरच. शाकारणीच्या पामला एका बुडातून तीन-चार तुरे फुटतात, कुरळ्याला एक. पण तेवढं कळायला पंधरा-सोळा वर्षं जावी लागतात.

इर्मानं बेटाच्या रोपवाटिकेत एकतीस वर्षं रोपं निवडली. एकदा बोटीवर चढवायची खोकी तयार असताना तिचा धाकटा भाऊ लेस्टर तिथं आला. तो झाडांवर चढून बिया उतरवायचा. सगळ्यांदेखत तो म्हणाला, "यातली निम्मी कुरळी आहेत. इर्माची नजर गेली आता."

खोकी धक्क्यावरच राहिली. शाकारणीचंच म्हणून ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त खात्री होती ते एक रोप इर्मानं उचललं, घरी आणून लावलं, आणि रोपवाटिकेत परत पाऊल टाकलं नाही. भावाशी अबोला धरला तो धरलाच. साडेतीनशे माणसांचं बेट. समोरून सायकलवर कोणीही आलं तरी हात वर करायची रीत. ही दोघं मात्र एकमेकांपाशी आली की हँडलकडे बघत. नाताळात ती एकटीपुरता मासा भाजायची आणि उरलेला दोन दिवस खायची.

झाडाची पानं गेली काही वर्षं कुरळ्यासारखी जरा कमानदार वर उचललेली दिसत होती. वाऱ्यानं होत असेल, असं ती स्वतःला सांगायची.

तिनं कोयता आणला, तुरा कापला आणि पालापाचोळ्याच्या ढिगात पुरला. तीन दिवस ती घराबाहेर पडली नाही. चौथ्या दिवशी तो उकरून काढला, उशीच्या अभ्र्यात घातला आणि सायकल काढली.

लेस्टर व्हरांड्यात बटाटे सोलत होता. तिला फाटकात बघून त्यानं चाकू खाली ठेवला.

"कोण गेलं?"

"कोणी नाही. हे बघ."

त्यानं कोमेजलेला तुरा हातात घेऊन फिरवला. "एकच."

"एकच. तुझं खरं होतं."

लेस्टरनं तुरा बटाट्यांशेजारी ठेवला. मग म्हणाला, "मला तरी कुठं कळत होतं?"

"म्हणजे?"

"नुसतं रोप बघून कोणाला कळतं, इर्मा? तू रोज चारचौघांत माझ्या पोत्यात हात घालायचीस, ही बी कच्ची, ती किडकी. त्या दिवशी म्हटलं, एकदा हिलाही कळू दे कसं वाटतं ते."

"आणि ती खोकी?"

"पुढच्या बोटीनं गेली. तिकडं कोणी हूं की चूं केलं नाही."

"मला कोणी बोललं नाही ते."

"बोलायला तू कोणाला दारात उभं केलंस?"

तिला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर आपण पेटून उठू. पण ती पायरीवर बसली. त्यानं चहा आणला, तेव्हा तो लंगडतोय हे तिच्या लक्षात आलं.

"पायाला काय झालं?"

"गुडघा. सिडनीला जाऊन ऑपरेशन करून घेतलं. तीन वर्षं झाली."

त्याला विमानात चढताना तिनं पाहिलं होतं. मजा मारायला निघाला असेल, असं वाटलं होतं तिला.

"सोबत कोण होतं?"

"कोण असणार?"

त्यानंतर ती दर गुरुवारी जाऊ लागली. पहिल्या काही खेपा हवा, बोट, मासे यांवर निभावल्या. पुढं विषय संपले. तो कोणाकोणाचे किस्से काढायचा, त्यातलं तिला काही ठाऊक नसायचं. ती एखादी गोष्ट सांगायला जायची आणि कुठून सुरुवात करायची हेच सुचायचं नाही. मग दोघं व्हरांड्यात समोरच्या डोंगराकडे तोंड करून बसत, आणि पाच वाजले की ती उठून आपला कप विसळून ठेवी.

"निघते," ती म्हणे.

"बरं," तो म्हणे.